जोन्स रोग : गोठ्यातला चिवट जंतू

प्रश्न : आमच्या लाल कंधारी गाईला काही महिन्यांपासून पातळ हगवण आहे. चारा खाते, तरी खंगतेय. डॉक्टरांना जोन्स रोगाचा संशय आहे. गोठा धुतल्यावर जंतू मरेल का?
– एक पशुपालक, ता. कळमनुरी, जि. हिंगोली

उत्तर : नुसत्या पाण्याने नाही. हा मायकोबॅक्टेरियम क्षयाच्या जंतूचा भाऊबंद आहे. मेणचट आवरणामुळे तो कोरडेपणा आणि थंडी सोसतो. जनावराच्या शरीराबाहेर त्याची वाढ सहसा होत नाही, पण तो तग धरतो. ऑस्ट्रेलियातील प्रयोगांत पूर्ण सावलीतल्या शेणमातीत तो ५५ आठवडे जिवंत राहिला. उघड्यावर मात्र बराच लवकर संपला.

प्रसार मुख्यतः शेणातून होतो. शेणाने माखलेले सड, चारा, पाणी यांतून वासरांना लागण होते आणि लक्षणे बहुधा दोन वर्षांनंतरच दिसतात. म्हणून वासरे वेगळी बांधा, गव्हाण उंच ठेवा, शेण खरवडूनच जंतुनाशक वापरा. ताजे शेण वैरणीच्या शेतात टाकू नका. दूध उकळूनच प्या.

यावर खात्रीचा इलाज नाही. त्यामुळे पशुवैद्यकांमार्फत शेण व रक्त तपासून घ्या आणि निकाल येईपर्यंत गाय वेगळी ठेवा.