लेनर्ड वुल्फ यांची रोजनिशी

इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांचे नाव आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या कानावरून गेले असेल. येथे मात्र त्यांचे पती लेनर्ड यांच्याविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत. सिलोनमधील, म्हणजे आजच्या श्रीलंकेतील, सरकारी नोकरी सोडून त्यांनी १९१२ साली विवाह केला आणि वर्षभरातच त्यांना पत्नीच्या उशाशी बसावे लागले.

त्या वेळच्या डॉक्टरांनी तिला मज्जातंतूंचे दौर्बल्य म्हटले. आजचे पुष्कळ अभ्यासक हा विकार बायपोलर, म्हणजे उन्माद आणि विषाद या दोन टोकांमध्ये मनास हेलकावणारा, होता असे मानतात. उन्मादात झोप उडते, विचार धावू लागतात, बोलणे थांबत नाही. विषादात माणूस स्वतःलाच अपराधी मानतो. व्हर्जिनिया अन्नास शिवत नसत. लेनर्ड शेजारी बसून हाती चमचा देत, मधूनमधून हळूच आर्जव करीत. एकेका जेवणास तास दोन तास लागत.

औषध असे काहीच नव्हते. होती ती केवळ नजर. डोकेदुखी, निद्रानाश, विचारांची धावपळ ही पहिली चिन्हे दिसताच लेखन बंद, अंथरूण, दूध आणि शांतता. पत्नीच्या प्रकृतीची नोंद ते रोज करीत, आणि तीही काही काळ तमिळ व सिंहली अक्षरांत! ती कोणास वाचता येऊ नये, हाच हेतू असावा.

१९१५ साली उन्मादाचा मोठा झटका आला. चार परिचारिका ठेवाव्या लागल्या. ज्याने सर्वाधिक केले त्याच्यावरच रोग्याचा रोष वळला. सुमारे दोन महिने लेनर्ड यांना पत्नीची भेट जवळजवळ घेता आली नाही. अशा वेळी आपल्याकडे घरची माणसे म्हणतात, ‘एवढे करून हेच फळ!’ ते शब्द आजाराचे आहेत, माणसाचे नव्हेत, हे कळूनही ते सोसणे सोपे नसते. आमच्या कोकणीत ‘पिसो’ हा शब्द आम्ही थट्टेत किती सहज उच्चारतो! ज्या घरात असा रोगी आहे त्या घरातील मुलास तो कसा लागत असेल?

लेनर्ड यांनी पत्नीस फार जखडले, पाहुणे मोजले, डॉक्टरांच्या सल्ल्याने मूलही होऊ दिले नाही, असा आक्षेप आहे. मला तो अगदीच फोल वाटत नाही. पण त्याच माणसाने १९१७ साली हातछपाईचे यंत्र विकत आणले. खिळे जुळविताना पत्नीच्या मनास लेखनापासून विसावा मिळावा, हा त्यात एक हेतू होता. त्यातूनच ‘होगार्थ प्रेस’ ही प्रकाशनसंस्था उभी राहिली.

मार्च १९४१ मध्ये पुन्हा चिन्हे दिसली. सक्तीने परिचारिका ठेवावी तर तोच आघात व्हावयाचा. न ठेवावी तर भय. लेनर्ड यांनी ठेवली नाही. २८ मार्च रोजी व्हर्जिनिया यांनी आपले जीवन संपविले.

पुढे आठ वर्षांनी, १९४९ साली, ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी लिथियमचा उन्मादावरील गुण प्रसिद्ध केला. ते औषध आजही दिले जाते. नियमित औषध घेऊन कामधंदा आणि संसार करणारे रोगी आज पुष्कळ आहेत. भारतात २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सेवा आहे. तेथे रोग्याप्रमाणेच त्याच्या घरच्यांनाही बोलता येते.