काकांची ‘बीरु’

जपानीच्या प्राथमिक वर्गात नाव घातले तेव्हा मित्रांनी मला चित्रलिपीची भीती घातली होती. प्रत्यक्षात मला पाडले ते इंग्रजीतून आलेल्या सोप्या शब्दांनी. टेबल म्हणजे ‘तेबुरु’, दार म्हणजे ‘दोआ’, सुरी म्हणजे ‘नाइफु’. परक्या शब्दांसाठीची काताकाना लिपी तेवढी शिकली की हे शब्द फुकटात मिळाले, असे मी धरून चाललो. वहीत ते उतरवूनही घेतले नाहीत.

तोंडी परीक्षेत बाईंनी विचारले, “तुमचे काका कुठे काम करतात?” मी ऐटीत सांगितले, मोठ्या ‘बीरु’त. वर्ग हसला. ‘बिरु’ म्हणजे इमारत, बिल्डिंगचे आखूड रूप; ‘बीरु’ म्हणजे बिअर! बोलताना आपण ऱ्हस्वदीर्घाची फारशी पर्वा करीत नाही. इथे मात्र एका मात्रेने माझे काका पिंपात जाऊन बसले. गुण गेले ते गेलेच.

मग वही काढली. अर्थांनीही घर बदललेले दिसले. ‘मिशिन’ म्हणजे कोणतेही यंत्र नव्हे, शिवणयंत्रच. ‘सुतोबु’वर स्वयंपाक नव्हे, खोली गरम करायची. ‘गारासु’ म्हणजे काच, हा शब्द डचांकडून आला. पिण्याचा ग्लास मात्र ‘गुरासु’, तो इंग्रजीतून. मूळ एकच, पण दोन दारांनी आत आलेले.

सर्वांत जवळचा वाटला तो ‘पान’. आपल्या पानापेक्षा किंचित आखूड उच्चाराचा. विड्याशी त्याचा संबंध नाही. तो आपल्या पावाचा सख्खा भाऊ! पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला, 1543 मध्ये ते जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले. दोन्हीकडे त्यांनी आपली रोटी आणि तिचे नाव ठेवले. जपानी ‘ताबाको’ आणि आपली तंबाखूही तशीच नात्यातली. (वर काकांना ज्यात बसवले ते पिंपसुद्धा पोर्तुगीजच.) 1639 मध्ये जपानने पोर्तुगीजांना बंदी केली, ‘पान’ मात्र राहिला.

फेरपरीक्षा पुढल्या महिन्यात आहे. यंदा काकांना बँकेत नोकरी द्यायची ठरवले आहे. बँकेला जपानीत परका शब्द नाही, ‘गिन्को’ म्हणतात. शेवटचा ओ दीर्घ आहे, हे मात्र बाईंनी दोनदा बजावले आहे.