शेवंतीला अंधार हवा असतो



मागच्या वर्षी चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, मी रोज पाणी घालते, तरी आमच्या शेवंतीला फूलच येत नाही." मी पटकन सांगून टाकलं, "ऊन कमी पडत असेल, कुंडी गॅलरीत ठेव." चुकलंच माझं. कुंडी गॅलरीतच होती, आणि माहीममधल्या त्यांच्या चाळीसमोर रस्त्यावरचा दिवा रात्रभर चालू असतो. उजेड कमी नव्हता, अंधार कमी पडत होता!

शेवंती, सोयाबीन, जुन्या जातींचा भात ही लहान दिवसाची झाडं. मुंबईत जूनमध्ये दिवस साधारण सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरात ११ तासांचा. आपल्याला हा फरक जाणवतही नाही, पण झाडाला पुरतो. १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर हे दाखवून दिलं. पुढे १९३८ मध्ये कळलं की झाड खरं तर सलग रात्र मोजतं. मध्येच थोडा वेळ दिवा लागला तरी मोजणी मोडते. गंमत म्हणजे मोजतात पानं, आणि कळी येते शेंड्याला.

कोकणातले गरवे भात दिवस लहान होऊ लागल्यावरच निसवतात. पेरणी थोडी मागेपुढे झाली तरी फुलोरा जवळपास एकाच सुमाराला. १९६६ मध्ये आलेला आयआर-८ दिवसाच्या लांबीवर फारसा अवलंबून नव्हता. अशा जातींमुळे पाण्याची सोय असेल तिथे उन्हाळी भात सोपा झाला.

तापमानाचं गणित वेगळं. हापूसला मोहोर यायला गार रात्री लागतात. थंडी उशिरा आली की मोहोर उशिरा, आणि मग आपल्या बाजारात आंबाही उशिरा. गव्हाला ऊब लवकर लागली तर ओंबी घाईने बाहेर पडते, दाणा बारीक राहतो. शेवंतीसुद्धा फार उकाड्यात रेंगाळते, म्हणून प्रयोग ऑक्टोबर सरता सरता सुरू करा.

आम्ही असं केलं: तशीच दुसरी कुंडी आणली. पहिलीवर संध्याकाळी ६ ते सकाळी ७ पुठ्ठ्याचं खोकं, दुसरी दिव्याखाली तशीच. पाणी दोघींना सारखं. एकही रात्र चुकवायची नाही. घरच्यांना हे नीट सांगावं लागतं, नाहीतर कोणीतरी खोकं उचलून बघतंच!

डिसेंबरात खोक्यातल्या शेवंतीला कळ्या धरल्या. मुलीने कुंडी वर्गात आणली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "बाईंनी आधी चुकीचं सांगितलं होतं."