मोशीत पाय मुरगळला, तर किती खर्च येईल?

घोटा सुजलाय? आधी दोन गोष्टी तपासा. चार पावलं टाकता येतात का? आणि घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर बोट दाबलं की कळ जाते का? पावलं टाकता येत नसतील किंवा कळ जात असेल, तर त्याच दिवशी एक्स-रे काढा. दोन्ही नसेल, तर हाड मोडल्याची शक्यता फार कमी. बर्फ, क्रेप बँडेज, पाय उशीवर, दोन दिवस आराम. वरच्या दोन तपासण्यांना डॉक्टर ‘ओटावा नियम’ म्हणतात. पायाच्या मधल्या भागात किंवा करंगळीच्या बाजूच्या हाडावर दुखत असेल, मधुमेहामुळे पाय बधिर असेल किंवा दुखापत लहान मुलाला झाली असेल, तर घरच्या तपासणीवर विसंबू नका. मालिशवाल्याकडे तर एक्स-रेआधी अजिबात जाऊ नका. सरळ बसलेलं हाड चोळून सरकलं, की प्लॅस्टरवर भागणारं काम ऑपरेशनवर जातं.

आता खर्च. मोशी-भोसरी पट्ट्यात खासगी अस्थिरोगतज्ज्ञाची फी साधारण ५०० ते १,००० रुपये, एक्स-रे ४०० ते ८००, एमआरआय ५,००० ते ८,०००. साध्या मुरगळीला पहिल्याच दिवशी एमआरआय सुचवला, तर ‘याने उपचार बदलणार आहे का?’ एवढंच विचारा. पाटीवर ‘फूट अँड अँकल स्पेशालिस्ट’ असेल, तर डॉक्टर एमएस किंवा डीएनबी ऑर्थो आहेत का आणि पाय-घोट्याची फेलोशिप कुठे केली, हे विचारा. चांगला डॉक्टर चिडत नाही. साध्या फ्रॅक्चरला असा खास तज्ज्ञ लागतच नाही. सांध्यात गेलेलं फ्रॅक्चर, तुटलेली टाचेची शीर, वर्षभर न सुटलेलं दुखणं, यासाठी लागतो.

पैसे वाचवायचे असतील तर दोन पत्ते लक्षात ठेवा. पिंपरी-चिंचवड महापालिकेचं वायसीएम रुग्णालय पिंपरीत संत तुकारामनगरला आहे. तिथे चोवीस तास अपघात विभाग आहे. दुसरं, औंधचं जिल्हा रुग्णालय. नाशिक फाट्यावरून सांगवीमार्गे जा. सरकारी आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत आहेत, आणि औंध त्यातच येतं. ओपीडीला सकाळी लवकर पोचा, आधार कार्ड आणि जुने रिपोर्ट न्या. रांग लागेल, अर्धा दिवस धरून चाला.

दाखल व्हायची वेळ आली, तर कॅश काउंटरवर जाण्याआधी आरोग्यमित्राचं, म्हणजे सरकारी योजनेच्या मदतनिसाचं टेबल शोधा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. लागतं काय? रेशनकार्ड आणि आधार. पांढरं रेशनकार्डही चालतं. मात्र रुग्णालय योजनेत असलं पाहिजे आणि तुमची शस्त्रक्रिया यादीत असली पाहिजे. दोन्ही गोष्टी १५५३८८ वर विचारून घ्या. रेशनकार्ड गावी राहिलं असेल, तर आजच मागवून घ्या. धर्मादाय रुग्णालयात वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर राखीव खाटांवर मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर सवलतीत उपचार मिळतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. घरी तयार ठेवा, आयत्या वेळी मिळत नाही.

चाकण, भोसरी एमआयडीसीत कामाला असाल आणि पगारातून ईएसआयची कपात होत असेल, तर चिंचवडला मोहननगरचं कामगार विमा रुग्णालय तुमच्यासाठी आहे. पहचान कार्ड आणि आधार न्या. इथे एक जुनी चाल सांगतो. पाय कंपनीत मोडतो आणि ठेकेदार म्हणतो, ‘घरी जिन्यावरून पडलो असं सांग, भानगड नको.’ असं कधीही सांगू नका. कामावरचा अपघात नोंदला गेला, तर सुट्टीच्या काळात वेतनाच्या ९० टक्के भत्ता मिळतो. साध्या आजारपणात ७० टक्के, तोही वर्षात ९१ दिवसांपुरता. पुढे पायात कायमचा दोष राहिला, तर अपंगत्वाचा लाभही त्याच नोंदीवर अवलंबून असतो. कामावर जाता-येताना झालेला अपघातही यात बसू शकतो. केसपेपरवर ‘कंपनीत’ हा शब्द लिहिला गेला का, हे स्वतः वाचून पाहा.

नाशिक महामार्गावर गाडीने उडवलं, तर ११२ किंवा १०८ ला फोन करा. केंद्राच्या २०२५ च्या योजनेत रस्ते अपघातग्रस्ताला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळतात.

खासगीत घोट्याला प्लेट बसवायची, तर ७० हजारांपासून दीड लाखाच्या वर कितीही. ‘पॅकेज ऐंशी हजार’ ऐकून मान डोलवू नका. त्यात भूलतज्ज्ञ धरलाय का? ऑपरेशनमधल्या एक्स-रे यंत्राचं, म्हणजे सी-आर्मचं भाडं? प्लेट-स्क्रू? बहुतेकदा हे इम्प्लांट पॅकेजबाहेर असतं, आणि स्टीलच्या जागी टायटॅनियम घेतलं की आकडा फुगतो. प्रत्येक वेळी टायटॅनियम लागतंच असं नाही, कारण विचारा. इम्प्लांटचं स्टिकर आणि वेगळं बिल मागून घ्या. मग येतात ड्रेसिंग, टाके काढणं, प्लॅस्टर कापणं, वॉकर, आणि फिजिओथेरपी, दर बैठकीला ३०० ते ५००. काही स्क्रू नंतर काढावे लागतात, म्हणजे दुसरं ऑपरेशन. तोही खर्च आधीच विचारा. मेडिक्लेम असला तरी हातमोजे-सिरिंजसारख्या वस्तू अनेक पॉलिसी देत नाहीत. कच्चं प्लॅस्टर घालून ‘विचार करून उद्या सांगतो’ म्हणायला बहुतेक बंद फ्रॅक्चरमध्ये हरकत नसते. सूज उतरेपर्यंत डॉक्टरही थांबतात. जखम उघडी असेल किंवा पाऊल थंड, निळं पडलं असेल, तर मात्र तासाभराचाही उशीर नको.

टाचदुखीवाल्यांनो, ‘मोफत फूट स्कॅन’च्या मांडवापासून जपून. स्क्रीनवर पाऊल लाल-पिवळं दिसतं, आणि पाच मिनिटांत सहा हजारांच्या इनसोलची पावती फाटते. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच दुखत असेल, तर आधी पोटरी आणि तळव्याचे ताण देणारे व्यायाम, मऊ चप्पल आणि तीन-चारशेचा सिलिकॉन हील कप. बहुतेकांना काही महिन्यांत एवढ्यावरच फरक पडतो. टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन वारंवार घेऊ नका. तळव्याचा पट्टा फाटू शकतो.

मधुमेह असेल तर कुरूपाची पट्टी लावू नका आणि घरी ब्लेड तर नकोच. वर्षातून एकदा तळव्याची संवेदना तपासून घ्या. नायलॉनच्या तंतूने होणारी ही तपासणी काही मिनिटांची असते.

खासगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी बंधनकारक आहे. दिसली नाही तर मागा. उपचारांची कागदपत्रं लेखी मागितल्यावर ७२ तासांत मिळायला हवीत. दाद मिळाली नाही तर महापालिकेची सारथी हेल्पलाइन ८८८८००६६६६, आणि बिलाच्या वादासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.