मे महिन्यात उल्हास नदीला पाणी येतं कुठून?

प्रश्न : आम्ही दिव्याला राहतो. इथल्या खाडीला बारा महिने पाणी असतं. मे महिन्यात बदलापूरला मावशीकडे गेलो तर तिथेही उल्हास नदी वाहताना दिसते. पावसाळा संपून इतके महिने झाल्यावर हे पाणी येतं कुठून? – एक वाचक, दिवा

उत्तर : नदी एकच, पण तुम्ही पाहिलेलं पाणी एक नाही. दिव्याचं पाणी उन्हाळ्यात बहुतांशी समुद्राचं असतं. वसईच्या खाडीतून भरती आत शिरते ती घोडबंदर, मुंब्रा, दिवा करत कल्याणपर्यंत पोहोचते. दिवा-वसई गाडीने कोपर सोडलं की खाडीचा पूल लागतो. तिथून जलपर्णीकडे बघा. ओहोटीला ती ठाण्याकडे जाते आणि भरतीला उलटी कल्याणकडे. अ‍ॅमेझॉनमध्येही भरतीचा रेटा शेकडो किलोमीटर आत जाणवतो, पण विषुववृत्तावरचा पाऊस त्या नदीला वर्षभर एवढं पाणी पुरवतो की मुखाशीही तिचं पाणी गोडंच राहतं. आपला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात उरकतो. माथेरानला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण खाली काळा कातळ आणि उभे उतार. त्यात पाणी मुरतं थोडं, धावतं फार. म्हणून सह्याद्रीतले कितीतरी ओढे फेब्रुवारीतच कोरडे पडतात.

मग बदलापूरची उल्हास का आटत नाही? कारण तिच्यात घाटापलीकडचं पाणी येतं. मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडी धरण आहे. आंध्रा इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे हे पाणी मुळात बंगालच्या उपसागराकडे निघालेलं. ते बोगद्यातून आणि नळांतून सुमारे 500 मीटर खाली कर्जत तालुक्यातल्या भिवपुरीला आणतात. तिथलं टाटांचं वीजघर 1922 पासून चालू आहे. जनित्रं फिरवून सुटलेलं पाणी पेज नदीतून उल्हासला मिळतं. पुढे बारवी धरणातून सोडलेल्या पाण्याची भर पडते आणि जांभूळजवळ एमआयडीसी ते उचलते. दिव्याच्या नळाला येणारं पाणी याच वाटेचं.

ठोकरवाडीचं पाणी पुन्हा पूर्वेला, भीमा खोऱ्याकडे वळवावं अशी मागणी अधूनमधून होते. दुष्काळी तालुक्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं. पाणी त्यांच्याच खोऱ्यातलं आहे. पण शंभर वर्षांत त्या पाण्यावर कर्जतपासून कल्याणपर्यंत लाखो लोकांची वस्ती उभी राहिली. काळू, भातसा, बारवी या नद्यांचं पाणी आधीच वाटून गेलेलं आहे. तेव्हा पाणी वळवण्याचा निर्णय कधी व्हायचा असेल तर आधी उन्हाळ्यात उल्हासला किती पाणी उरेल याचा हिशेब जाहीर झाला पाहिजे, आणि त्या चर्चेत बदलापूर, कल्याण, दिव्याच्या लोकांनाही जागा हवी.