गल्ल्यावर बसण्याआधी

(वडिलांचा व्यवसाय मुलाला वारशाने मिळतो. पण तो चालवण्याची पात्रता त्याला स्वतः मिळवावी लागते. ती कशी मिळवावी, हे एका हॉटेल व्यावसायिकाच्या उदाहरणातून या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या निलंगा गावाचे नाव भाताच्या एका प्रकाराला मिळाले आहे. 'निलंगा राईस' दुसऱ्या गावांतही आवडीने खाल्ला जातो. आपल्याकडे चहाची टपरी असो की खानावळ, लोक तिला 'हॉटेल'च म्हणतात. अशा हॉटेलात वडील गल्ल्यावर बसतात, काका भट्टीपाशी असतात आणि घरातील स्त्रिया पहाटे उठून मसाला वाटून देतात. हा झाला घरचा धंदा. उद्या गल्ल्यावर मुलगा बसणार, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याआधी त्याने काय शिकले पाहिजे?

या प्रश्नाचे उत्तर विठ्ठल कामत यांच्या जीवनातून मिळते. त्यांचे वडील व्यंकटेश कामत हे कारवारकडचे. पोटासाठी ते मुंबईला आले आणि हॉटेलच्या व्यवसायात कष्ट करून वर आले. १९५२ साली चर्चगेट स्थानकाजवळ त्यांनी 'सत्कार' हे उपाहारगृह सुरू केले. सत्कार म्हणजे पाहुण्याचा मान राखणे. उर्दूत आपण त्याला खातिरदारी म्हणतो. नावातच धंद्याचे मर्म होते.

विठ्ठल कामत यांनी विजेच्या अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते. वडिलांचे चालते हॉटेल होते. ते सरळ खुर्चीवर जाऊन बसले असते, तर कोणी अडवले नसते. पण त्यांनी तसे केले नाही. ते लंडनला गेले आणि तेथील एका भारतीय उपाहारगृहात त्यांनी नोकरी केली. मालकाचा मुलगा दुसऱ्याच्या भटारखान्यात राबला!

यात कमीपणा कसला? एक किलो तांदळात किती थाळ्या निघतात, तेल कोठे वाया जाते, गर्दीच्या वेळी वाढप्याची किती धावपळ होते, हे गल्ल्यावरून दिसत नाही. ज्याने स्वतः काम केले आहे, तोच दुसऱ्याला काम सांगू शकतो. नोकरही अशाच मालकाचा शब्द मनापासून ऐकतात.

मोठ्या हॉटेलच्या चालकाचा दिवस पाहा. सकाळी भाजी, दूध, किराणा आला की नाही हे पाहायचे. दुपारी हिशेब, पगार आणि बँकेची कामे करायची. एखाद्या पाहुण्याची तक्रार आली, तर ती शांतपणे ऐकून घ्यायची. ईद असो की दिवाळी, लोकांना सुट्टी असते तेव्हा हॉटेलात सर्वांत जास्त काम असते. शिवाय घरचा धंदा असला की घर आणि दुकान यांत भिंत राहत नाही. दुकानातील वाद जेवणाच्या ताटापर्यंत येतो. म्हणून हिशेब चोख हवा आणि बोलणे गोड हवे.

वारसदाराने नुसते जुने सांभाळून चालत नाही. त्यात नवी भरही घालावी लागते. विठ्ठल कामत यांनी मुंबईच्या विमानतळाजवळ 'ऑर्किड' हे पंचतारांकित हॉटेल उभारले. ऑर्किड म्हणजे आमरीचे फूल. हे हॉटेल १९९७ साली सुरू झाले. पर्यावरणाची काळजी घेतल्याबद्दल 'इकोटेल' हे प्रमाणपत्र मिळवणारे ते आशियातील पहिले पंचतारांकित हॉटेल ठरले. तेथे सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरतात. कपाटांसाठी झाडे तोडण्याऐवजी कापसाच्या पऱ्हाट्यांपासून बनवलेल्या फळ्या वापरल्या आहेत. आपल्याकडे ज्या पऱ्हाट्या चुलीत जातात, त्या तेथे कपाट झाल्या!

पण हे यश सहज मिळाले नाही. एवढे मोठे काम कर्जाशिवाय होत नाही. त्या कर्जाचा बोजा इतका वाढला, की सारे हातचे जाते की काय, अशी वेळ आली. तेव्हा पणाला काय लागले होते? वडिलांनी कमावलेले नाव आणि शेकडो कामगारांची रोजीरोटी! कामत खचले, पण पुन्हा उभे राहिले. हा अनुभव त्यांनी 'इडली, ऑर्किड आणि मी' या पुस्तकात सांगितला आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाच्या घरी बेकरी असेल, कोणाचे किराणा दुकान, तर कोणाची शेती. उद्या तुम्ही तोच व्यवसाय कराल किंवा दुसरा निवडाल. तो तुमचा निर्णय आहे. पण वारशात खुर्ची मिळते, अक्कल मिळत नाही. ती हाताने काम करूनच येते.

शब्दार्थ
गल्ला – दुकानातील पैसे ठेवण्याची पेटी
भटारखाना – स्वयंपाकाची जागा, बावर्चीखाना
मर्म – खरा अर्थ
पऱ्हाटी – कापसाचे वाळलेले झाड
पणाला लागणे – गमावण्याचा धोका असणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'सत्कार' उपाहारगृह कोठे सुरू झाले?
(आ) 'ऑर्किड' हॉटेलला कोणते प्रमाणपत्र मिळाले?
२. कारणे लिहा : नोकर काम जाणणाऱ्या मालकाचे मनापासून ऐकतात.
३. वाक्यात उपयोग करा : हातचे जाणे, भर घालणे.
४. तुमच्या गावातील एखाद्या हॉटेलच्या मालकाला भेटा. त्यांच्या दिवसभराच्या कामाविषयी आठ ओळी लिहा.