गंगेवरील शिडे

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• शिडाच्या नावेने नदीतून होणाऱ्या प्रवासाची माहिती सांगता येईल.
• पंचगंगा घाटाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध स्पष्ट करता येईल.
• नावाड्यांच्या ज्ञानाचे महत्त्व स्वतःच्या शब्दांत मांडता येईल.

मूळ पाठ

शीड म्हटले की आपल्याला कोकणचा किनारा आठवतो. मालवणसमोरचे सिंधुदुर्गाचे बेट, भरतीची वाट पाहणारी गलबते आणि वाऱ्याने फुगलेली पांढरी शिडे डोळ्यांसमोर उभी राहतात. पण समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या काशीतही एके काळी अशी शिडे दिसत असत, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल.

चला, काशीच्या पंचगंगा घाटावरून नावेत बसू. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्यांचा येथे संगम होतो, अशी श्रद्धा आहे. डोळ्यांना मात्र एकटी गंगाच दिसते. संत कबीरांना गुरू रामानंद याच पायऱ्यांवर भेटले, अशी आख्यायिका सांगतात. वर पाहिले तर आलमगीर मशीद दिसते. तिचे उंच मिनार एके काळी नदीतून दुरूनच नजरेस पडत. आज ते उभे नाहीत. जवळच बिंदुमाधवाचे मंदिर आहे. ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधले. घाटावरचा हजार दिव्यांचा दगडी दीपस्तंभ अहिल्याबाई होळकर यांच्या नावाने ओळखला जातो. दक्षिणेकडे थोडे वल्हवत गेले, की नागपूरकर भोसल्यांचा आणि पुढे शिंद्यांचा घाट लागतो. नर्मदा ओलांडून आलेल्या मराठी माणसाला या तीरावर परके वाटू नये, अशीच ही रचना आहे.

आगगाडी येण्यापूर्वी कोलकात्याहून काशीला येण्याचा एक मोठा मार्ग म्हणजे गंगा. प्रवाहाविरुद्धच्या या प्रवासास दोन-अडीच महिने लागत. मग नाव वर चढे तरी कशी? याचे उत्तर वाऱ्यात आहे. काशी ते बंगाल या टप्प्यात गंगा ढोबळमानाने पूर्वेकडे वाहते. पावसाळ्यात मात्र या प्रदेशात पूर्वेकडून वारा येतो. पाणी एका दिशेने आणि वारा नेमका उलट दिशेने! हा वारा शिडात भरला, की जड नावही प्रवाह कापत पश्चिमेकडे सरके. वारा पडला, की नाविक काठावर उतरत, डोलकाठीला बांधलेला लांब दोर खांद्यावर घेत आणि चिखलातून चालत नाव ओढून नेत. काशीपाशी नदी वळून उत्तरेकडे वाहू लागते. त्यामुळे येथे पूर्वेचा वारा नावेच्या पाठीशी राहत नसे आणि दोराचाच आधार घ्यावा लागे. परतीच्या वाटेवर मात्र प्रवाह स्वतःच नाव वाहून नेई.

१८६२ साली कोलकात्याहून निघालेला लोहमार्ग काशीसमोरच्या तीरापर्यंत आला. १८८७ साली राजघाटाजवळ पूल झाला. महिन्यांचा प्रवास दिवसांवर आला आणि मालाच्या व प्रवाशांच्या शिडांच्या नावा हळूहळू कमी होत गेल्या.

शिडे गेली, तरी नावाडी राहिले. येथील निषाद व मल्लाह कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नदीवर उपजीविका करीत आली आहेत. २०२१ पासून त्यांच्या नावांची डिझेलची यंत्रे बदलून सीएनजीवर चालणारी यंत्रे बसविण्यात येऊ लागली. पूर आला, की प्रशासन नौकाविहार बंद करते. ज्या ऋतूत पूर्वी शिडे फुगत, त्याच ऋतूत आज अनेक नावा काठाला बांधलेल्या असतात आणि नावाड्याच्या घरची मिळकत थांबते. पाण्याचा रंग पाहून खोली ओळखणे, भोवऱ्याची चाहूल घेणे, वाळूचा उंचवटा टाळणे, ही विद्या कोणत्याही पुस्तकात नसते. ती वडिलांशेजारी बसून वल्हे मारतानाच अंगवळणी पडते. मुलगा वल्हे सोडून शहरात कामाला गेला, की ही विद्याही घराबाहेर पडते; मात्र ती परत येईलच असे नाही.

कार्तिक महिन्यात पंचगंगा घाटावर संध्याकाळी बांबूंच्या टोकाशी टोपल्यांतून आकाशदीप चढवितात. हे दिवे पितरांसाठी असतात. अंधारातून नाव परत आणताना ते दिसले, की आपला घाट जवळ आला, हे नावेतल्या प्रत्येकाला कळते.

शब्दार्थ

डोलकाठी – शीड बांधण्याचा उभा खांब
वल्हवणे – वल्ह्याने नाव चालविणे
आख्यायिका – परंपरेने चालत आलेली कथा
उपजीविका – जगण्याचे साधन

स्वाध्याय

१. प्रवाहाविरुद्ध जाताना पावसाळ्यातील वारा नाविकांना कसा उपयोगी पडे?
२. पंचगंगा घाटाच्या परिसरातील महाराष्ट्राच्या खुणा कोणत्या?
३. ‘अंगवळणी पडणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.
४. तुमच्या गावातील अनुभवातून शिकली जाणारी एखादी विद्या कोणती? ती जाणणाऱ्या व्यक्तीशी बोलून दहा ओळी लिहा.